जाड पुस्तकांचा तास

वर्गाचं दार सरकवलं आणि मी उंबऱ्यातच थिजले. पातळ पुस्तकांची ढकलगाडी जागेवर नव्हती. प्रत्येक बाकावर एकेक जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीचं इंग्रजी पुस्तक ठेवलेलं होतं. नुकतीच धूळ पुसलेली, कारण पुसण्याचे ओले पट्टे अजून वाळले नव्हते. आणि त्या पुस्तकांमागं माझा अख्खा वर्ग पाठी ताठ करून, मयताला आल्यासारखा बसला होता.

मागच्या भिंतीला पाहुणे. साऱ्या जिल्ह्यातून आलेले इंग्रजीचे शिक्षक, काळ्या सुटात, गळ्यात नावाची पाटी आणि पायात शाळेच्या हिरव्या सपाता. कुणी वही काढत होतं, कुणी घाम पुसत होतं. शिक्षण मंडळाच्या हासेबे बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"हे काय आहे?" मी उपमुख्याध्यापक मुरोई सरांना दबक्या आवाजात विचारलं.

"हसत राहा, बाई, लोक बघतायत," ते स्वतः हसत म्हणाले. "पाहुण्यांपुढं काय ती बाळबोध चित्रांची पुस्तकं मांडायची? हायस्कूलची पोरं आणि हातात कुत्र्या-मांजरांच्या गोष्टी? नाक कापलं जाईल शाळेचं. आजच्या दिवस निभावून न्या. उद्या तुमची गाडी जिथल्या तिथं."

"सर, यातलं एक पानसुद्धा त्यांना वाचता येणार नाही."

"वाचायचं कुणी सांगितलंय? बसायचंय."

मुरोई सर वाईट माणूस नाहीत. पाहुणे येणार म्हटल्यावर सपाता स्वतः ओळीत मांडणारे, चहाच्या कपांचे कान एका बाजूला वळवणारे. पण त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. तेवढ्यात घंटा झाली. ओत्सुबो, आमची वर्गप्रमुख, खणखणीत आवाजात "उभे राहा" म्हणाली, सगळे वाकले, सगळे बसले, आणि तास सुरू झाला.

या तासासाठी मी काय काय केलं होतं ते माझं मला माहीत. आमच्याकडं इंग्रजी म्हणजे एका वाक्याची चिरफाड करायची, त्याचा जपानी अर्थ लावायचा आणि पुढच्या वाक्याकडं वळायचं. सहा वर्षं शिकून पोरांना एक गोष्ट वाचता येत नाही. मी म्हटलं, भरपूर वाचू दे त्यांना, सोपं वाचू दे, पायात चप्पल घालावी तितकं सहज. गुरुवारचा एक तास मागून घेतला आणि भिंतीवर नियम लावले. शब्दकोश उघडायचा नाही. न समजलेलं सोडून पुढं जायचं. आवडलं नाही तर पुस्तक ठेवून दुसरं घ्यायचं. हा शेवटचा नियम पोरांच्या पचनीच पडेना. हातात घेतलेलं अर्धवट टाकायचं? ओत्सुबो तर एक कंटाळवाणं पुस्तक महिनाभर छातीशी धरून होती. "बाई, लिहिणाऱ्याला वाईट वाटेल ना," म्हणे.

मंडळानं या प्रयोगाला मुदत दिली होती आणि ती आता संपत होती. आजचा खुला तास पाहून हासेबे बाई ठरवणार होत्या, वाचनतास पुढं चालू ठेवायचा की पुन्हा चिरफाड सुरू करायची.

माझा जीव मात्र प्रयोगापेक्षा एका पोरीत अडकला होता. खिडकीकडच्या रांगेतली शेवटची, काजितानी नोदोका. एप्रिलमध्ये, नवं वर्ष सुरू होताना शाळेत आली, मे महिन्याच्या सुट्टीनंतर यायची बंद झाली. आईच्या फोनवर संदेश पाठवला की उत्तर यायचं, ताप आहे, क्षमस्व. मग जूनमधल्या एका गुरुवारी ती नेमकी वाचनतासाला आली, गाडीवरचं सगळ्यात पातळ पुस्तक घेतलं, वाचलं, दुसरं घेतलं, आणि तास संपल्यावर कुणाशीही न बोलता निघून गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा. सप्टेंबरपासून ती रोज यायला लागली. बोलत नव्हती, हजेरीला फक्त हात वर करायची. पण गुरुवारची वाट बघत ती बाकीचे दिवस काढते हे आंधळ्यालाही दिसलं असतं. हा तास बंद झाला तर ही पोर पुन्हा शाळेची पायरी चढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आधीच तिची हजेरी काठावर होती.

आणि आता तिच्यापुढं ते जाडजूड धूड होतं.

वर्ग वाचायला लागला. म्हणजे काय केलं, तर वर्गानं पुस्तकं उघडली आणि डोळे खाली घातले. थोड्या वेळानं पान उलटल्याचा आवाज आला, सगळ्या वर्गातून एकदम. मी चमकले. पुन्हा तसंच. तेव्हा ध्यानात आलं, पान कधी उलटायचं हे कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळे पहिल्या बाकावरच्या ओत्सुबोकडं तिरप्या नजरेनं बघत होते. ती उलटे, की सगळे उलटत. आणि ओत्सुबो बिचारी मनात आकडे मोजून उलटत असावी, कारण तिचे ओठ हलत होते.

मागं पाहुणे मान डोलवत भराभरा लिहीत होते. "काय एकाग्रता!" कुणीतरी कुजबुजलं. मुरोई सरांची छाती फुगली. मला ओरडावंसं वाटत होतं, की बंद करा हे, हे वाचन नाही, हे सोंग आहे. पण ओरडले असते तर तास तिथंच मेला असता. मी हाताची नखं तळव्यात रुतवत राहिले.

हासेबे बाई रांगांमधून फिरायला लागल्या. याच्या पुस्तकात डोकाव, तिच्या पुस्तकात डोकाव. शेवटच्या बाकापाशी थांबल्या, वाकल्या, आणि काजितानीला इंग्रजीत विचारलं, "छान पुस्तक आहे का? काय घडतं यात?"

दुसरी कुणी सापडली नाही का यांना? मी पुढं झाले, की सांगावं, ही बोलत नाही, दुसऱ्या कुणाला विचारा. पण काजितानी उभी राहिली होती. खुर्ची नीट आत सरकवून, पुस्तक दोन्ही हातांनी पोटाशी धरून. ते पुस्तक मी कॉलेजात वाचलेलं होतं. कोळशाच्या खाणीतल्या दोन भावांची गोष्ट, पानोपानी काळोख आणि खोकला. त्या वर्गात ते माझ्याखेरीज कुणी वाचलं नसावं. काजितानीच्या तोंडून आता काय निघणार? काहीच नाही निघणार, आणि सगळे बघत राहणार.

"एक बंदर आहे," काजितानी इंग्रजीत म्हणाली.

माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तिचा आवाज मी त्या दिवसापर्यंत ऐकलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. जरा घोगरा होता. वर्गातल्या माना एकजात मागं वळल्या.

"बंदरावर एक खानावळ आहे," ती पुढं बोलू लागली. "तिथं एक बाई नूडल्स उकळते. तिला एक मुलगी आहे. बाई गिऱ्हाइकांशी हसून बोलते. घरी आली की ती बोलत नाही. ती दमलेली असते. एके दिवशी बाई बोटीत बसते. ती एप्रन काढत नाही. म्हणून मुलीला वाटतं, ती संध्याकाळी परत येणार."

एकही वाक्य अडलं नाही. सगळी छोटी वाक्यं, पातळ पुस्तकांतली असतात तशी, एकापुढं एक. मागं पाहुण्यांची लिहिणारे हात थांबले होते. मी मात्र आतून हादरत चालले होते. कारण पुस्तकात खानावळ नव्हती. आणि काजितानीची आई बंदरावरच्या खानावळीत नूडल्स उकळायची. एप्रिलमध्ये मी तिला तिथं भेटले होते. वाफेत उभी होती, निळा एप्रन होता, खळखळून हसली होती माझ्याशी.

"मुलगी भात शिजवते," काजितानी म्हणाली. "ती दोघींचा भात शिजवते. अर्धा ती खाते. उरलेला ती सकाळी डब्यात भरते. शेजारीण विचारते, तुझी आई कशी आहे? मुलगी म्हणते, कामावर आहे. हे खोटं नाही. आई कुठं आहे ते मुलीला माहीत नाही, म्हणून हे खोटं नाही. उन्हाळा येतो. उन्हाळा जातो. आईची छत्री दारात आहे. मुलगी ती वापरत नाही. ती भिजते."

मी जवळच्या बाकाची कड धरली. तिच्या डब्याचं मीच कौतुक केलं होतं, "आईचा हात छान आहे गं" म्हणून. शाळेच्या प्रत्येक कागदावर सहीच्या जागी आईचा शिक्का वेळच्या वेळी उमटत होता. आमच्याकडं कागदावर शिक्का असला की घरात माणूस आहे असंच धरतात. म्हणजे मे महिन्यापासून? आता नोव्हेंबर उजाडला होता! सोळा वर्षांची पोर, एकटी, आणि कुणाला पत्ता नाही?

"आणि शेवटी काय होतं?" हासेबे बाईंनी हळू आवाजात विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

काजितानीनं हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

"शेवट मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी अजून तिथपर्यंत आले नाही."

पाहुणे खळखळून हसले, आणि मग टाळ्या. खुल्या तासाला कधी कुणी टाळ्या वाजवत नाही, पण त्या दिवशी वाजल्या. पोरांनीही वाजवल्या. ओत्सुबो तर उभी राहून वाजवत होती. काजितानी वाकली, खुर्चीवर बसली आणि पान उलटलं.

तासानंतर वरच्या सभागृहात चर्चेची बैठक होती. तिथं मला पाहुण्यांसमोर बसवलं. हासेबे बाईंनी माईक हातात घेऊन सांगितलं, की इतक्या वर्षांत इंग्रजीच्या तासाला डोळ्यांत पाणी आलं ते आजच. न अडखळता, पाठ न करता, वाचलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत! वाचनतास चालूच राहील, मी स्वतः तशी शिफारस करते. पुन्हा टाळ्या. मुरोई सर माझ्या कानाशी लागले. "बघितलंत? मी म्हणत नव्हतो? जाड पुस्तकाची जादूच वेगळी."

माझी अशी काही तडफड झाली की विचारू नका. सांगून टाकावं, की अहो, त्या पुस्तकात तिनं सांगितलेलं एक अक्षर नाही, सगळी मांडामांड खोटी होती! पण लगेच कुणीतरी विचारलं असतं, मग त्या मुलीनं सांगितलं ते कुठलं? आणि एवढ्या अनोळखी माणसांपुढं मी काय सांगणार होते? चहाच्या वेळी मी पाठीमागच्या दारानं सटकले.

काजितानी वर्गात नव्हती, ग्रंथालयातही नव्हती. सापडली ती जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत. मुरोई सरांनी ढकलगाडी तिथं कोंबली होती. झाडू आणि बादल्यांच्या मधोमध, जमिनीवर मांडी घालून, ती एक पातळ पुस्तक वाचत होती.

मी दार लावून तिच्याशेजारी बसले. सुटाच्या स्कर्टला धूळ लागली ती लागली.

"काजितानी, ते पुस्तक मी वाचलंय," मी म्हटलं.

तिनं पान बोटानं धरून ठेवलं. म्हणाली, "मग तुम्हाला कळलंच असेल, बाई."

"आई मे महिन्यात गेली?"

मान हलली.

"अगं, पण मी फोनवर संदेश पाठवत होते. उत्तरं येत होती!"

"फोन घरीच राहिलाय तिचा," ती म्हणाली. "उत्तरं मी लिहायचे."

"आणि खायला-प्यायला? भाडं?"

"बँकेत पैसे येतात अधूनमधून. ती पाठवते. म्हणजे ती आहे कुठंतरी."

मला रागच आला, कुणाचा ते कळेना. त्या बाईचा, माझा, शिक्क्यांचा. "एवढी मोठी गोष्ट! एकदा सांगायचंस ना मला. रोज समोर बसतेस. दोन शब्द बोलायला काय झालं होतं?"

"जपानीत सांगायला गेलं की रडू येतं," ती म्हणाली. "पुष्कळदा ठरवलं होतं. तोंड उघडलं की आधी रडूच येतं, म्हणून मग उघडतच नव्हते. इंग्रजीत येत नाही. त्या भाषेत माझ्या घरचं कुणी नाही, बाई."

आयुष्यभर ती भाषा शिकवली मी. हा तिचा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

"मग आज का सांगितलंस? एवढ्या लोकांत?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं.

"त्या बाईंनी विचारलं ना. हे पुस्तक मला येत नाही असं म्हटलं असतं तर तुमची फजिती झाली असती. काहीतरी गोष्ट सांगायला हवी होती. मी आठवून बघितलं, इतकी पुस्तकं वाचलीत, पण ऐन वेळेला एकही आठवेना. हीच एक आली." मग तिनं विचारलं, "तास राहील ना, बाई?"

"राहील."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पहिल्यांदाच पाहत होते मी ते. अगदी आईचं हसू.

ते हसू पुसण्याचं काम माझ्याच वाट्याला आलं. "मला हे मुख्याध्यापकांना सांगावं लागेल, काजितानी. आजच. तू एकटी नाही राहू शकत."

तिच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. चेहरा पांढराफटक झाला.

"पण बाई," ती म्हणाली, "ती गोष्ट होती!"

"माहीत आहे मला."

"गोष्ट सांगितली मी. गोष्टीचं कुणी असं करतं का? तुम्हीच म्हणता ना, वाचा आणि पुढं जा, कुणी काही विचारणार नाही! मग?"

मी तिचा हात धरला. तिनं तो हिसडून सोडवला. मी पुन्हा धरला. तशाच आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेलो. दारात ती थांबली, स्कर्टची धूळ झटकली, आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. जपानीत नाही, इंग्रजीत नाही. बालकल्याणचे लोक आले, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना तिनं फक्त मान हलवली. ओकायामा शहराकडून तिची मावशी आली, भली बाई होती, सारखी वाकून माफी मागत होती. वर्षअखेरीच्या सुट्टीपूर्वी मावशीनं काजितानीला नेलं. मी केलं ते बरोबरच केलं. दुसरं काही करता आलं नसतं. हे मी स्वतःला अजून सांगत असते. तिच्या नव्या शाळेत वाचनतास नाही. मी फोन करून विचारलं होतं.

आमच्याकडं मात्र तास जोरात सुरू आहे. ढकलगाडीवरून मी मुरोई सरांशी कडाकडा भांडले आणि ती परत आणली. पण त्यांनी हौसेनं "त्या" जाड पुस्तकाच्याही प्रती मागवल्या आणि वर्गात काचेच्या कपाटात ठेवल्या. बाहेरून कुणी शाळा बघायला आलं की कपाटाशी नेऊन सांगतात, हेच ते पुस्तक. त्या मुलीला भेटता येईल का, असं कुणी विचारलं की म्हणतात, नातेवाइकांकडं गेली राहायला. पोरांनाही एवढंच सांगितलं होतं. त्या कपाटाला हात कोण लावणार? ओत्सुबोनं लावला. प्रत्येक गुरुवारी तेच धूड घेऊन बसायची. मी दोनदा टोकलं, "अगं, झेपत नाही तर टाक की, नियम आहे आपला." तर म्हणे, "नाही बाई, मला बघायचंय."

फेब्रुवारीत एका गुरुवारी तास संपल्यावर ती ते पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"संपलं, बाई."

"काय संपलं?"

"हे. अख्खं."

मी चाटच पडले. पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. "समजलं?"

"निम्मं. बाकीचं सोडून दिलं, तुम्ही सांगता तसं. दोन भाऊ आहेत, खाण आहे, थोरला खोकून खोकून मरतो, धाकटा गाव सोडतो." तिनं पुस्तकावर बोट ठेवलं. "पण बाई, ती मुलगी कुठाय?"

"कोण मुलगी?"

"काजितानीनं सांगितलेली. भात शिजवणारी. मी तिच्यासाठीच वाचत होते. मला बघायचं होतं, आई परत येते की नाही. म्हटलं, पुढं असेल, पुढं असेल. मग वाटलं मीच सोडलेल्या भागात राहिली असेल, म्हणून पुन्हा मागं जाऊन सगळं चाळलं. बाई, यात बोट नाही. बंदर नाही. समुद्रच नाही यात."

मी पुस्तक मिटलं.

"मग तिनं ते कुठून..." ओत्सुबो बोलता बोलता थांबली. माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग खिडकीकडच्या रांगेतल्या शेवटच्या रिकाम्या बाकाकडं पाहिलं आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"आम्ही टाळ्या वाजवल्या, बाई," ती म्हणाली.